कोकणातील स्वतंत्र लोकगायक-गीतकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः गाणी रचून स्वतः गाणाऱ्या आणि कोणत्याही कंपनीशी कायमचे न बांधलेल्या कलाकारांसाठी, तसेच त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनारपट्टीवर गाणाऱ्यांना प्रत्यक्षात जे प्रश्न पडतात, त्यांनाच येथे जागा दिली आहे. कायद्याविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून मोठ्या रकमेच्या करारावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे योग्य ठरेल.

मी गावच्या मंडळात गातो. स्वतःची गाणी करायची असतील, तर मंडळ सोडावे लागेल का?

सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः रचणारा आणि स्वतः गाणारा कलाकार कोकणाला परका नाही. रत्नागिरी आणि रायगडच्या जाखडी या लोकनृत्यगीतात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन प्रतिस्पर्धी पक्ष समोरासमोर येतात, तेव्हा गण, गवळण आणि सवाल-जवाब यांतून शाहिराची रचनाशक्ती पणाला लागते आणि कच्ची रचना तिथल्या तिथे उघडी पडते. सिंधुदुर्गातील डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांना उत्तर देताना हजरजबाबीपणा लागतो, तर दशावतार या लोकनाट्यात संवादांची लिखित संहिताच परंपरेने नसते. नट ते रंगमंचावर उभे करतात. या परंपरेत वाढलेल्या गायकाला श्रोत्यांसमोर रचना तपासून घेण्याची जी सवय लागते, ती बंद खोलीत गाणी करणाऱ्याला सहजी लागत नाही.

मात्र मंडळासाठी रचलेले गाणे कोणाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. मंडळाच्या वहीत रचनेखाली रचणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिण्याची पद्धत पाडली, तर पुढे मंडळात फूट पडल्यावर किंवा एखादे गाणे अचानक गाजल्यावर होणारे वाद बहुतांशी टळतात.

पारंपरिक चालीवर मी नवे शब्द बसवले. हे गाणे माझे म्हणता येईल का?

शब्द आपले, चाल परंपरेची, असे म्हणता येईल आणि तसेच लिहावे. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, गीताचे शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या तीन गोष्टींचे हक्क वेगवेगळे मानले जातात. एकाच गाण्यात या तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. ज्या चालीचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही आणि जी पिढ्यान्‌पिढ्या गायली जात आहे, तिच्यावर आपण मालकी सांगू शकत नाही. परंतु आपण लिहिलेल्या नव्या शब्दांवर आणि आपण केलेल्या ध्वनिमुद्रणावर आपला हक्क असतो. आपण त्या चालीत लक्षणीय भर घातली असेल, नवा अंतरा किंवा वेगळी वाद्यरचना केली असेल, तर त्या भरीपुरताच दावा करावा. श्रेयनामावलीत ‘शब्द : अमुक, चाल : पारंपरिक, संगीत संयोजन : अमुक’ असे स्वच्छ लिहिणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला दिसतो. लग्नात आणि हळदीत हमखास वाजणारी अनेक कोळीगीते लोक पारंपरिक समजतात. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळ गाणी ज्ञात गीतकार-संगीतकारांनी लिहिलेली असून ती ध्वनिमुद्रिकांच्या काळात प्रसिद्ध झाली आहेत. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. अशा गाण्याचे स्वतःच्या आवाजात नवे ध्वनिमुद्रण करावयाचे असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी. कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये आगाऊ सूचना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) देऊन पुनर्ध्वनिमुद्रणाची वैधानिक तरतूद आहे. परंतु पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय ती वापरता येत नाही.

एखाद्या वाडीतल्या वृद्ध बाईंकडून मी ओव्या किंवा धवला गीते शिकलो. ती प्रसिद्ध केली तर चालतील का?

कायदा येथे फारशी मदत करत नाही, म्हणूनच कलाकाराची जबाबदारी वाढते. जात्यावरच्या ओव्या, गौरीची आणि फुगडीची गाणी, आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवलारणी गातात ते धवले, हे सारे स्त्रियांनी तोंडपाठ जपलेले धन आहे. त्यांच्या कर्त्या अज्ञात असतात. परंतु ज्या बाईंनी ते आपल्याला सांगितले, त्या अज्ञात नसतात. गाणे कोठे, कोणत्या वर्षी आणि कोणाकडून ऐकले, याची नोंद करावी. त्यांचे नाव जाहीर करण्यास त्यांची संमती आहे का, हे विचारावे आणि असल्यास ते गाण्यासोबत द्यावे. विधीचे गाणे असेल, तर ते विधीबाहेर गाणे त्या समाजाला रुचेल का, हेही विचारून घ्यावे. क्वचित नकार येतो. तो मान्य करावा.

पैशांचा प्रश्न टाळू नये. बाईंचा आवाजच ध्वनिमुद्रित केला असेल, तर त्या कायद्याने प्रयोगकर्त्या कलाकार ठरतात आणि त्यांच्या लेखी संमतीवाचून ते ध्वनिमुद्रण विकता येणार नाही. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत असावे आणि घरच्या माणसासमोर वाचून दाखवावे. आवाज आपला असला, तरी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सांगणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या वाडीच्या कामाला देण्याचे आधीच ठरवावे. साडी-नारळ देऊन सत्कार करणे चांगलेच आहे, पण त्याने हिस्सा फिटत नाही.

काही कला एखाद्या समाजाने वंशपरंपरेने जपलेल्या असतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा गाण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ जिवंत ठेवले. त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा घराण्यांची गीते घ्यावयाची असतील, तर त्यांना शिक्षक आणि सहकलाकार म्हणून सोबत घ्यावे आणि त्यानुसार मानधन द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत? जास्त श्रोते कशाला मिळतील?

ज्या बोलीत आपण भांडतो आणि रडतो, त्या बोलीत लिहावे. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी, वाडवळी या बोलींची लय निरनिराळी आहे आणि चाल त्या लयीतूनच उगवते. प्रमाण मराठीत शब्द लिहून नंतर त्यांना बोलीचे प्रत्यय चिकटवले, तर गावातला श्रोता पहिल्या ओळीलाच ओळखतो. गाणे बाहेर पोहोचावे यासाठी चित्रफितीखाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. बोलीचा वापर केवळ हशा पिकवण्यासाठी करण्याची सवय आपल्याकडे फार वाढली आहे. त्याच बोलीत ओवी गायली गेली आहे आणि मेलेल्यांसाठी शोकही झाला आहे, हे रचनाकाराने ध्यानात ठेवावे.

गाण्याची सरकारी नोंदणी केलीच पाहिजे का?

सक्ती नाही. गाणे लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवताच हक्क निर्माण होतो. तरीही वाद उद्भवल्यास नोंदणी हा भक्कम पुरावा असतो. कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. शब्द किंवा संगीतरचनेसाठी प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रत्येक गाण्याची नोंदणी परवडत नसेल, तर जी चार-दोन गाणी कार्यक्रमात हमखास मागितली जातात, त्यांची आधी करावी.

एका कंपनीने माझ्या गाण्यासाठी एकरकमी पैसे देऊ केले आहेत. सही करावी का?

लगेच करू नये. कागद घरी आणावा, दोन वेळा वाचावा आणि त्यात पुढील गोष्टी शोधाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे कंपनी नेमके काय विकत घेत आहे : ध्वनिमुद्रण, शब्द, चाल, की सर्वच? ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ अशी ओळ असेल, तर ते गाणे पुन्हा आपल्या इच्छेने ध्वनिमुद्रित करणेही अवघड होऊ शकते. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कंपनीने मिळालेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास तो हक्क कलाकाराकडे परत येतो. तोंडी बोलण्यावर गाणे देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनीही ही तरतूद वाचावी.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठे संरक्षण दिले. हक्क विकल्यानंतरही गाण्याच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातील त्यांचा समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो वाटा केवळ वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (स्वामित्वधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो. त्यामुळे ‘यापुढे कोणतेही स्वामित्वधन मागणार नाही’ अशी ओळ करारात दिसली, तर ती खोडण्यास सांगावी. कर्ता म्हणून आपले नाव येण्याचा हक्क तर विक्रीनंतरही जात नाही.

मग एकरकमी पैसे कधीच घेऊ नयेत का? घरात आजारपण असते, शाळेची फी असते, आणि अशा वेळी मिळणारी रक्कम नाकारावी असे कोणीही सांगू नये. शक्य असल्यास ध्वनिमुद्रणाचा हक्क तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीने द्यावा, शब्द आणि चाल स्वतःकडे ठेवावी आणि कार्यक्रमात ते गाणे गाण्याची मुभा स्पष्ट लिहून घ्यावी.

आयपीआरएसचे सदस्य व्हावे का?

गीतकार किंवा संगीतकार असाल आणि गाणी प्रसिद्ध झाली असतील, तर व्हावे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था मुंबईत असून रेडिओ, हॉटेले, मोठे कार्यक्रम आणि ऑनलाइन मंच यांच्याकडून शब्द आणि संगीत यांचे स्वामित्वधन गोळा करून सदस्यांना वाटते. गायक आणि वादक यांच्यासाठी इसाम्रा (पूर्वीची इसरा) ही वेगळी संस्था आहे. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाणे तिथे नोंदवणे आवश्यक असते. पुष्कळ कलाकार सदस्य होतात आणि गाणी नोंदवायचे विसरतात, त्यामुळे त्यांच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

गाण्यावर वर्षभर घर चालते का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोकणच्या ऋतुचक्रात आहे. जूनपासून गणपतीपर्यंत उघड्यावरचे कार्यक्रम जवळजवळ बंद असतात. गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि घरोघरी भजने, जाखडी, आरत्या यांना उधाण येते. पण त्या दिवसांतले गाणे बहुतांशी गावकीचे आणि भक्तीचे असते, त्याकडे उत्पन्न म्हणून पाहणे योग्य नाही. नवरात्रात थोडे कार्यक्रम मिळतात. दिवाळीनंतर, कार्तिकापासून दक्षिण कोकणात जत्रांची रांग लागते आणि दशावताराच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. फाल्गुनात शिमगा येतो, देवांच्या पालख्या सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या जागी) येतात, नमन-खेळे ही लोकनाट्ये रंगतात. त्यानंतर मेअखेरपर्यंत लग्ने, हळदी, पूजा आणि सुट्टीत आलेल्या मुंबईकरांचे कार्यक्रम असतात. म्हणजे नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत जे मिळेल, त्यावर बारा महिने काढावे लागतात.

म्हणून हंगामातल्या प्रत्येक बिदागीतील काही भाग पावसाळ्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. पावसाळा लेखनाला, तालमींना आणि शिकवण्याला द्यावा. दुसरे म्हणजे मुंबई, ठाणे, वसई-विरार येथील कोकणवासीयांच्या मंडळांशी संबंध जोडावेत. तिथे नाट्यगृहात बंदिस्त कार्यक्रम होतात, त्यांना पावसाची अडचण नसते आणि गावापासून दूर राहणारा श्रोता तिकीट काढून येतो. मी पाहिलेल्या बहुतेक टिकून राहिलेल्या कलाकारांचे उत्पन्न अनेक ठिकाणांहून येते : कार्यक्रम, शिकवणी, इतरांसाठी गीतलेखन, थोडी शेती किंवा बाग, आणि काही वेळा नोकरी.

तर मग नोकरी सोडावी का?

सलग दोन हंगाम गाण्याच्या पैशांतून पावसाळ्यासह घरखर्च भागला, तर विचार करावा. तोपर्यंत सोडू नये. बागेत, बोटीवर, शाळेत किंवा बँकेत काम करून गाणाऱ्याचे गाणे कमी प्रतीचे होत नाही. उलट अशा कामांतून रचनेला विषय मिळतो.

बिदागी किती मागावी आणि बुडू नये यासाठी काय करावे?

ठरावीक आकडा सांगणे उचित होणार नाही, कारण वाडीची पूजा आणि रिसॉर्टमधला कार्यक्रम यांची तुलना होत नाही. हिशेब मात्र सर्वत्र सारखा आहे. ढोलकी, पखवाज, हार्मोनियम, कोरस या साथीदारांचे मानधन, गाडीचे भाडे, जेवण, ध्वनियंत्रणा नसेल तर तिचे भाडे, आणि तालमीचे दिवस हे सारे मांडून झाल्यावर त्यात आपले मानधन मिळवावे. साथीदारांचे पैसे आधी द्यावेत. त्यावरच पुढल्या हंगामात चांगला ढोलकीवाला आपल्यासोबत राहतो की नाही, हे ठरते.

सुपारी घेताना विसार घ्यावा आणि तारीख, वेळ, ठिकाण, एकूण रक्कम, उरलेली रक्कम कधी मिळणार व कार्यक्रम रद्द झाल्यास विसाराचे काय, हे मोबाइलवरील संदेशात का होईना पण लिहून पाठवावे आणि समोरच्याचा होकार घ्यावा. अवकाळी पाऊस आला तर काय, ही ओळ कोकणात विसरू नये. देवस्थानच्या किंवा स्वतःच्या गावच्या कार्यक्रमात सवलत द्यावी की विनामूल्य गावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण साथीदारांवर तो निर्णय लादू नये.

रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक चालू ठेवता येतो का?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करते. परवानगीची जबाबदारी आयोजकांची असली, तरी परवान्याची प्रत आधीच मागून घ्यावी.

मला रात्रीच्या कार्यक्रमांसाठी घरून परवानगी मिळत नाही. मुलीने हे क्षेत्र निवडावे का?

निवडावे. वर ज्या ओव्यांचा आणि धवल्यांचा उल्लेख आला, ती सारी परंपरा बायकांनी घडवली. व्यासपीठावर मात्र त्या उशिरा आल्या. घरच्यांची काळजी खोटी नसते, म्हणून तिचे उत्तर व्यवस्थेने द्यावे. करारात परतीच्या प्रवासाची सोय, स्वच्छ आणि कडी असलेली कपडे बदलण्याची खोली, सोबत येणाऱ्या एका व्यक्तीचा खर्च आणि कार्यक्रम संपण्याची वेळ लिहून घ्यावी. हे आयोजकाचे कर्तव्य आहे, त्याला उपकार समजू नये. ज्या आयोजकाला या चार ओळी जड वाटतात, त्याची तारीख घेऊ नये. सुरुवातीला दुपारचे हळदीकुंकू समारंभ, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये आणि नाट्यगृहांतील कार्यक्रम यांवर भर देता येतो.

घरीच ध्वनिमुद्रण करता येईल का?

येईल, आणि लोकसंगीताला ते पुष्कळदा शोभूनही दिसते. मात्र कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पावसाळ्यात ध्वनिमुद्रण करण्याचा अट्टहास करू नये. पावसाचा आवाज नंतर काढता येत नाही. किनाऱ्यालगतच्या घरात लाटांची अखंड घरघर कानाला जाणवत नाही, पण माइकला ऐकू येते, म्हणून समुद्राच्या विरुद्ध बाजूची, गाद्या-गोधड्यांनी भरलेली लहान खोली निवडावी. पंखा आणि फ्रिज बंद ठेवावा. आवाज आणि प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर, वेव्ह स्वरूपात मुद्रित करावे आणि मूळ फाइली दोन ठिकाणी जपाव्यात. खारी हवा माइक आणि तारा दोन्ही खाते. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. दमट हवेत पखवाज आणि ढोलकीचे कातडे सैल पडून स्वर उतरतो, त्यामुळे प्रत्येक टेकपूर्वी वाद्य पुन्हा लावून घ्यावे.

यूट्यूब आणि गाण्यांच्या ॲपवरून किती पैसे मिळतात?

सुरुवातीला फारच थोडे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्‌सची १ कोटी दृश्ये अशी अट आहे. गाण्यांच्या ॲपवर थेट गाणे टाकता येत नाही. त्यासाठी वितरक लागतो. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात आणि ते भरणे थांबले की गाणे काढून टाकतात, तर काही शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेतात. माझा सल्ला असा, की या मंचांकडे ओळखपत्र म्हणून पाहावे : आयोजक तिथे गाणे ऐकतो आणि मग फोन करतो.

पारंपरिक आरती किंवा भजन गायल्यावर एखाद्या कंपनीचा हक्कदावा आपोआप आपल्या चित्रफितीवर येतो, अशी तक्रार वारंवार येते. चाल पारंपरिक आहे आणि ध्वनिमुद्रण संपूर्णपणे आपले आहे याची खात्री असेल, तर दाव्याला शांतपणे हरकत घ्यावी. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. वर सांगितलेल्या वेगवेगळ्या ट्रॅकच्या मूळ फाइली अशा वेळी उपयोगी पडतात.

जीएसटी भरावा लागतो का?

लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराला एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास त्या सेवेवर जीएसटीतून सूट आहे. जाहिरातीचा चेहरा म्हणून घेतलेल्या पैशांना ती लागू नाही. संस्थांनी मानधनातून कर कापला असेल, तर विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परत मागता येतो.

आकाशवाणी आणि शासनाच्या योजना यांचा उपयोग होतो का?

होतो, फक्त अर्ज वेळेत करावा लागतो. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रात लोकसंगीताची ऑडिशन देता येते. उत्तीर्ण कलाकारांना बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात आणि ती श्रेणी इतर अर्जांतही ग्राह्य धरली जाते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात लोककलांचा समावेश आहे.

उतारवयात गाणे थांबल्यावर काही आधार आहे का?

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. ५० वर्षांवरील, अल्प उत्पन्न असलेल्या आणि दीर्घकाळ कलासेवा केलेल्या कलाकारांना तिच्यातून २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. या योजनेत खरी अडचण पुराव्यांची येते. चाळीस वर्षे नमनात गायलेल्या माणसाकडे त्या चाळीस वर्षांचा एकही कागद नसतो. म्हणून कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, मंडळाचे दाखले, आकाशवाणीची करारपत्रे आणि तारखेसह छायाचित्रे पहिल्या कार्यक्रमापासून एका फाइलमध्ये लावत जावीत. आपल्या मंडळातील वृद्ध साथीदारांची अशी फाइल नसेल, तर तरुणांनी जुन्या पत्रिका शोधून ती तयार करून द्यावी आणि अर्ज भरताना त्यांच्यासोबत जावे.